आडवा दगड

पाथरवटानं छिन्नी टेकवून हातोडी उचलली, तेवढ्यात भट्टीवाली हात पुसत चौकात आली आणि सरळ त्या दगडावरच बसली.

दगड लांबलचक आणि काळा होता, ओंडक्यांवर आडवा ठेवलेला. युद्धात गेलेल्यांची नावं कोरून झाली की तो चौकाच्या मधोमध उभा करायचा, असं स्मारक समितीनं ठरवलं होतं. टोकाला कप्तानाचं नाव मोठ्या अक्षरांत, त्याखाली हुद्द्याप्रमाणे बाकीच्यांची. कप्तान म्हणजे समितीच्या अध्यक्षांचा एकुलता एक मुलगा.

"मावशी, उठा. अक्षर वाकडं जाईल," पाथरवट म्हणाला.

"कोरूच नकोस, म्हणजे जायचं नाही."

तिचा मुलगाही त्याच तुकडीबरोबर गेला होता, पण स्वयंपाकी म्हणून. लहानपणापासून भट्टीपुढे वाढलेला. सैन्यानं त्याच्या हाती बंदुकीऐवजी पळी दिली. पुढच्या चौकीवर जेवण घेऊन जाताना वाटेतच तो पडला. समितीचं म्हणणं असं की, स्मारक लढणाऱ्यांचं आहे, रांधणाऱ्यांचं नाही. हे तिला सांगायलाही कुणी आलं नाही. सुनेनं बाजारात ऐकलं आणि घरी येऊन, तान्ह्या पोरीला थोपटत, खाली मान घालून सांगितलं. मळलेली कणीक भट्टीवालीनं फडक्यानं झाकली, भट्टीचं दार लावलं आणि ती चौकाकडे निघाली.

आधी लोकांनी गंमत केली. म्हातारीला बसायला गार जागा सापडली म्हणाले. गावात पाव भाजणारी ती एकटीच. शिळ्या तुकड्यांनी दात हलायला लागले, तेव्हा कुठं लोकांना तिच्या मुलाची आठवण झाली. मग कुणी येऊन तिची समजूत काढू लागलं, कुणी समितीला नावं ठेवू लागलं. ती कुणाशीच वाद घालत नव्हती. सून दुपारी डबा आणून द्यायची, तो ती तिथंच खायची आणि अंधार पडल्यावर घरी जायची. पाथरवट कामावर येण्याआधी पुन्हा हजर.

शेवटी अध्यक्ष स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. मुलगा गेल्यापासून त्यांचा कोट खांद्यावर ढिला झाला होता आणि हा दगड उभा करण्याखेरीज त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. ते तिच्याशी सौम्यपणे बोलले. तुमच्या भट्टीवर आपण मुलाच्या नावाची वेगळी पाटी लावू, म्हणाले.

"भट्टीवर कशाला? इथं तो होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडं होता, ते लिहा."

"बाई, त्यानं हत्यार हाती घेतलं नव्हतं."

"गोळीनं विचारलं नाही."

उद्या माणसं येऊन दगड कोरायला दुसरीकडे हलवतील, एवढं सांगून अध्यक्ष गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली, दोरखंडही आले. पण त्यांच्याआधी अध्यक्षांची बायको आली. मुलाची बातमी आल्यापासून तिनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. पाव न्यायलाही तिच्याकडून नेहमी मोलकरीण यायची, त्यामुळे भट्टीवालीनं तिला इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. अध्यक्षांची बायको दगडापाशी येऊन उभी राहिली.

"तुझा मुलगा पुढच्या चौकीवर जेवण घेऊन निघाला होता ना?"

"हो."

"तिथंच होता माझा." तिनं ओठ ओले केले. "त्या दिवशी तो जेवला होता का?"

भट्टीवालीनं वर पाहिलं. चारचौघांनी या बाईला आजवर काय काय सांगितलं असेल, ते तिला दिसत होतं. तिचा हात गुडघ्यावरून उठला, हवेत थबकला आणि पुन्हा गुडघ्यावर आला.

"नाही," ती म्हणाली. "तुकडीतला एक जण सुट्टीवर आला होता, त्यानं सांगितलं. दोन दिवस वाट बंद होती. चौकीवरची सगळी उपाशी होती. कुणी जायला तयार नव्हतं, म्हणून हा निघाला. पोचला नाही."

अध्यक्षांच्या बायकोनं दगडावर हात टेकला.

"सरक जरा."

भट्टीवाली सरकली. दोघी शेजारी बसल्या.

अध्यक्ष घाईघाईनं आले. त्यांनी बायकोला हळू आवाजात घरी चलायला सांगितलं. लोक बघताहेत, म्हणाले. स्वयंपाक्याचं नाव घालू, हवं तर अगदी खाली घालू, पण आता उठ. नावं कोरून दगड उभा करायला हवा.

"वर नको आणि खालीही नको," ती म्हणाली. "आपली मुलं आडवी झाली. दगड तेवढा उभा कशाला?"

दोरखंड धरलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या एकाचा भाऊ त्या यादीत होता. त्यानं आपल्या हातातलं टोक खाली टाकलं.

पाथरवट खाकरला. "मग नावं कुठं घालू?"

भट्टीवालीनं दगडाच्या लांब कडेवरून तळवा फिरवला.

"आणि सुरुवात कुणापासून करू?" पाथरवटानं विचारलं.

"कुठूनही कर," अध्यक्षांची बायको म्हणाली.

तो मांडी घालून बसला आणि पहिला घाव घातला. दगडाची थरथर दोघींच्या अंगात चढली. थोड्या वेळानं भट्टीवालीची चुळबुळ सुरू झाली. गाव पावासाठी खोळंबलं होतं, आणि ती उठली तर ही माणसं पुन्हा दोर उचलतील, अशीही तिला धास्ती होती.

"तू जा, भट्टी पेटव," शेजारची म्हणाली. "मी बसते."

तो दगड अजून आडवाच आहे. परका माणूस पाहतो आणि पडला वाटतं, म्हणतो. समितीवर नवी माणसं आली की तो उभा करायचा ठराव होतो, माणसं बोलावली जातात. सकाळी ती चौकात येतात, तर दगडावर कुणीतरी बाई बसलेली असते.