आठ बाय बेचाळीसची शिकार

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जुनी म्हणजे राजेरजवाड्यांच्या वेळची नव्हे, माझा जन्म दोन हजार पाच सालचा. पण माझ्या पुढच्या काचेवर एक ओरखडा आहे, गळ्यात अडकवायचा पट्टा तुटून तिथे बुटाची नाडी आली आहे, आणि मला दोनदा बसमध्ये विसरून परत आणलेलं आहे. एवढं सोसल्यावर कुठल्याही वस्तूला स्वतःला जुनी म्हणवून घ्यायचा हक्क मिळतो.

माझं नाव आठ बाय बेचाळीस. हे नाव कुणी पाळण्यात ठेवलेलं नाही, कारखान्यात छापलेलं आहे. आठ म्हणजे मी लांबची वस्तू आठपट जवळ आणते. बेचाळीस म्हणजे माझ्या पुढच्या काचेची रुंदी, मिलिमीटरमध्ये. मला दोन नळ्या आहेत. प्रत्येक नळीत पुढची काच जगाला उलटं करते, म्हणजे डोकं खाली आणि पाय वर. मग आतले प्रिझम त्याला मुकाट्याने सुलटं करून तुमच्या डोळ्यांकडे पाठवतात. माझ्या पोटात दिवसभर जग कोलांट्या उड्या मारतं आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही.

कारखान्यातून मी आले ती सिंगापूरच्या एका जुन्या शॉपिंग सेंटरमधल्या दुकानात. माझ्या शेजारी वीस बाय पन्नास राहायची. ती फार चढेल होती. 'मी वीसपट जवळ आणते' हे तिने मला वर्षभरात वीसपट सांगितलं. गिऱ्हाईक यायचं, तिला उचलायचं, मला नाही. काचेच्या कपाटात बसून दुसऱ्याची विक्री बघणं हे दुर्बिणीला फार जवळून दिसतं, मित्रांनो.

मग सप्टेंबरातल्या एका शनिवारी प्रबोध आला. शहराच्या तुआस भागातल्या एका कारखान्यात तो इंजिनिअर होता, बायकोमुलीला घेऊन पुण्याहून येऊन त्याला पाचच महिने झाले होते. त्याच्या हातात वही होती.

"शिकारीसाठी दुर्बीण हवी आहे," तो म्हणाला.

दुकानदार अंकलनी चष्मा कपाळावर सरकवला. "शिकार? सिंगापुरात? इथे फक्त सेलची शिकार होते, लाह!" हा 'लाह' तिथल्या बोलण्यात वाक्याला शेपटासारखा लागतो.

प्रबोधने सगळं सांगून टाकलं. त्याचे साहेब न्यूझीलंडचे. मार्च-एप्रिलमध्ये ते आपल्या गावी हरणांच्या शिकारीला जायचे. येत्या मार्चसाठी त्यांनी प्रबोधला 'येतोस का' विचारलं आणि डोक्याला कळायच्या आत त्याचं तोंड 'येस सर' म्हणून मोकळं झालं. आता हा प्रबोध शुद्ध शाकाहारी. घरात कोळी निघाला तर त्याला पोस्टकार्डावर बसवून खिडकीबाहेर सोडणारा. त्याने हिशोब असा केला की ज्याच्या हातात दुर्बीण असेल त्याच्या हातात बंदूक कुणी देणार नाही. तेव्हा शिकारीतला सर्वांत हुशार दुर्बीणवाला व्हायचं, आणि त्यासाठी दुर्बीण घेण्याआधी दुर्बिणीचं शास्त्र पूर्ण शिकायचं.

चार शनिवार तो शिकला. अंकलनी पहिल्या शनिवारी त्याला स्टूल दिलं, दुसऱ्या शनिवारी कोपी, म्हणजे तिथली कॉफी, पाजली, तिसऱ्या शनिवारी ते त्याच्या भरवशावर दुकान सोडून स्वतः जेवायला गेले.

"वीसपट का नको?" प्रबोधने विचारलं.

"हातात धरून बघ."

त्याने माझ्या शेजारणीला डोळ्यांना लावलं. समोरच्या इमारतीवरची पाटी भूकंपात सापडल्यासारखी हलत होती. जेवढं मोठं दिसतं तेवढं हाताचं थरथरणंही मोठं दिसतं. शेजारीण त्या दिवसापासून जरा कमी बोलू लागली.

मग अंकलनी मला हातभर लांब धरून दाखवलं. माझ्या डोळ्याकडच्या काचेत प्रकाशाचा एक गोल ठिपका दिसतो. बेचाळीसला आठने भागा, पाच मिलिमीटरहून थोडा मोठा. पहाटे आणि संध्याकाळी, जेव्हा हरणं बाहेर पडतात, तेव्हा माणसाच्या डोळ्यातली बाहुली मोठी होते, आणि तिला एवढा मोठा ठिपका लागतो. प्रबोधने हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. चौथ्या शनिवारी त्याने मला घेतलं. अंकलनी मला त्याच्या हातात देताना हात जोडले. मला वाटलं निरोप देत आहेत. ते सुटकेचे हात होते.

क्लेमेंटी भागातल्या एका इमारतीच्या बाराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये माझं स्वागत प्रबोधच्या बायकोने, सुलेखाने केलं. "फ्रीजमध्ये समोर ठेवलेलं लोणी तुला सापडत नाही," ती म्हणाली, "आणि तू जंगलात हरीण शोधणार?" पण दोनच दिवसांत खालच्या हॉकर सेंटरमधल्या डोशाच्या स्टॉलवर किती रांग आहे ते बघायला ती मला वापरू लागली. इतकी उपयोगी मी कारखान्यातसुद्धा स्वतःला समजत नव्हते.

त्यांची मुलगी अनुया सात वर्षांची होती. इथल्या शाळेत जाऊन पाच महिन्यांत तिचं मराठी होतं तसंच राहिलं, फक्त शेवटी 'लाह' लागला. एका रविवारी प्रबोध तिला मला वापरायला शिकवत होता. आधी उजवा डोळा मिटायचा, डाव्याने बघत मधलं चाक फिरवायचं. मग डावा मिटायचा आणि उजव्या नळीवरची बारीक रिंग फिरवायची. कुणाचेही दोन डोळे अगदी सारखे नसतात, म्हणून ती रिंग असते.

डाव्या डोळ्याचं झकास जमलं. मग अनुया म्हणाली, "बाबा, ही साइड स्पॉइल."

"रिंग फिरव ना."

"फिरवली. एंडपर्यंत. फुल धुकं."

प्रबोधने मला स्वतःच्या डोळ्यांना लावलं. उजवीकडे समोरच्या ब्लॉकवरचा, म्हणजे इमारतीवरचा, आकडा लख्ख दिसत होता.

"तुला नीट बघायचं नाहीये," तो म्हणाला. "की पाडलीस हिला?"

"मी कशाला पाडू, लाह!"

"अनुया, खरं सांग. उगाच खोटं बोलू नकोस."

अनुया रडत आत गेली. मी गप्प. माझ्याकडे तोंड नाही, नुसते डोळे आहेत, आणि त्या दिवशी त्यांचाच संशय घेतला जात होता.

सोमवारी मला दुकानात नेलं. अंकलनी माझ्या दोन्ही नळ्या तपासल्या. "एकदम परफेक्ट. तुझी मुलगी मस्करी करते." प्रबोधला वाटलं अंकल आपल्या मालातला दोष झाकतायत. घरी आल्यावर तो सुलेखाला म्हणाला, "एक तर दुकानदार खोटं बोलतोय, नाहीतर पोरगी."

"पोरीला खोटं बोलायचं असतं तर ती होमवर्कबद्दल बोलली असती," सुलेखा म्हणाली. "दुर्बिणीबद्दल बोलून तिला काय मिळणार?"

प्रबोधला आपला कारखाना आठवला. तिथे मीटरवर दाब कमी दिसला की तो आधी मीटर बदलून बघायचा. नव्या मीटरवरही कमीच दिसला तर दोष मीटरचा नाही, पाइपाचा. पण माझ्या नळ्या काढून बदलणार कशा? मग त्याने मला सरळ पालथी केली. वरची बाजू खाली, खालची वर. आता डावी नळी उजव्या डोळ्यासमोर आली आणि उजवी डाव्यासमोर. पालथी धरली तरी मी जग सुलटंच दाखवते, ही माझी खासियत त्याला चार शनिवारांत कळली होती.

त्याने अनुयाला बोलावलं. "आता बघ. कुठली साइड स्पॉइल?"

नळी खराब असती तर धुकं आता डावीकडे जायला हवं होतं.

अनुयाने एक डोळा मिटला, मग दुसरा. मधलं चाक इकडे तिकडे फिरवलं. तिने उजव्या गालावर बोट ठेवलं. "हीच. सेम साइड."

"नक्की?"

"नक्की ना. बाबा, माझी ही साइड नेहमीच अशी असते. दुर्बीण नसली तरी."

प्रबोधने मला टेबलावर ठेवलं. इतकं हळू मला कुणीच कधी ठेवलं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं. अनुयाच्या उजव्या डोळ्याचा नंबर फार मोठा होता. त्याच्याकडून धूसर चित्र येतं म्हणून मेंदूने त्याचं ऐकणंच सोडलं आणि सगळं काम डाव्यावर टाकलं. याला आळशी डोळा म्हणतात. दोन्ही डोळे उघडे असताना पोराला सगळं दिसतं, म्हणून घरात कुणाला कळत नाही. पुण्याच्या शाळेत डॉक्टर डोळे तपासायला आले त्या आठवड्यात अनुयाला गालगुंड झाले होते, आणि इथल्या शाळेत ती आली तेव्हा त्या वर्षीची तपासणी उरकली होती. आता चष्मा, आणि रोज चार तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला झक मारत काम करावं लागेल. "सातव्या वर्षी सापडलं हे बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "पण पट्टी चुकवू नका. मूल मोठं झालं की हा डोळा ऐकेनासा होतो."

"माझा डोळा लेझी नाहीये!" अनुया परतताना म्हणाली.

"बाबावर गेलाय," सुलेखा म्हणाली. अनुयाचा हात मात्र तिने घरी येईपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर प्रबोध अनुयासमोर खाली बसला. "तू खरं बोलत होतीस. मी तुला खोटारडी म्हटलं. सॉरी."

"सॉरी नो क्युअर," अनुया म्हणाली. नुसत्या सॉरीने काही बरं होत नाही, हे ती शाळेत शिकली होती.

खरी लढाई पुढे होती. पट्टी लावली की सगळं जग धुक्यात जायचं. अनुया खुर्चीला धडकायची, रडायची आणि पट्टी ओढून काढायची. पहिल्या आठवड्यात चार तासांपैकी चाळीस मिनिटंही झाली नाहीत. शाळेत मुलं हसली, तेव्हा तिने पट्टी बसच्या सीटखाली चिकटवून टाकली.

तेव्हा प्रबोधने स्वतःच्या डाव्या डोळ्यावर पट्टी लावली आणि मला बाहेर काढलं. "चल," तो म्हणाला, "शिकारीला."

ते दोघं हॉलच्या खिडकीशी बसले. सुलेखाने नियम घातला, "कुणाच्या घरात डोकवायचं नाही. फक्त खिडकीबाहेरचं." समोरच्या ब्लॉकवर प्रत्येक खिडकीतून बांबू बाहेर आलेले असतात आणि त्यांवर कपडे वाळत असतात. पहिली शिकार होती लाल टॉवेल. चष्मा लावून, माझ्या उजव्या नळीतून, आळशी डोळ्याने तो शोधायला अनुयाला पंचवीस मिनिटं लागली. सापडल्यावर ती किंचाळली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी छताला झाडू आपटला.

रोज संध्याकाळी प्रबोध तुआसहून आला की शिकार. टॉवेल झाला, मग निळा मोजा, मग त्या मोज्याचा चिमटा. शनिवारी सुलेखाही पट्टी लावून बसू लागली. एकदा तिघंही पट्ट्या काढायला विसरून एमआरटीच्या गाडीत चढले. सहाजण उठून उभे राहिले. तिघांनी बसून घेतलं.

आणि मार्च आला. प्रबोध साहेबांच्या केबिनमध्ये गेला. मी त्याच्या बॅगेत होते.

"सर, मला शिकारीला येता येणार नाही. मुलीच्या डोळ्याचा इलाज चालू आहे, एक दिवस चुकवून चालणार नाही. मी सहा महिने दुर्बिणीचा अभ्यास केला होता, सर."

"दुर्बिणीचा?" साहेब म्हणाले. "कशाला? मी तुला गाडी चालवायला बोलावलं होतं. तू दारू पीत नाहीस ना, म्हणून."

मग साहेबांनी मुलीची चौकशी केली आणि त्याला रोज अर्धा तास लवकर घरी जायला सांगितलं.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी डाव्या डोळ्यावर पट्टी लावून अनुया मला धरून बसली होती. त्या दिवशीची शिकार होती सहाव्या मजल्यावरची मैना. अनुया एकदम थांबली.

"बाबा, अकराव्या मजल्यावर एक आंटी आहे."

"आत डोकवायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"आत नाही, खिडकीत. ती आपल्याकडे बघतेय. दुर्बिणीतून!"

"काहीतरीच."

"खरंच! छोटी काळी दुर्बीण. आणि तिने एका डोळ्यावर हात ठेवलाय, आपल्या पट्टीसारखा!"

प्रबोधने मला मागायला हात पुढे केला. मग त्याने तो मागे घेतला. तपासून बघायची गरज नव्हती. त्याने नुसतं विचारलं, "मग तू हात केलास की नाही?" अनुयाने खिडकीबाहेर जोरजोरात हात हलवला आणि म्हणाली, "ती पण हलवतेय, बाबा! पाचही बोटं दिसतायत!"

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी तिचा डावा डोळा झाकून तिला तक्ता वाचायला लावला. ऑक्टोबरात तिला फक्त सर्वांत वरचं मोठं अक्षर दिसलं होतं. आता ती एकेक ओळ उतरत गेली आणि खालून तिसऱ्या ओळीवर थांबली. "अजून दोन राहिल्या," डॉक्टर म्हणाले. "त्याही होतील, लाह," अनुयाने त्यांना धीर दिला. सुलेखा तक्त्याकडे बघत होती आणि तिला मात्र त्या वेळी एकही ओळ दिसत नव्हती. तिच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं, ते नुसते भरून आले होते.

मित्रांनो, मी हरीण अजून पाहिलेलं नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, हरणालाही वाटत नसावं. तुमच्याकडे माझं मागणं लहानसं आहे. एक डोळा तळहाताने झाका आणि समोरचं काहीतरी वाचा. मग दुसरा झाका आणि तेच वाचा. एका बाजूला धुकं दिसलं तर लगेच घरच्यांना सांगा. त्यांचा विश्वास बसला नाही तर पुन्हा सांगा. आणि मोठ्यांनो, पोरगं 'दिसत नाही' म्हणालं तर आधी त्याचं खरं माना, दुर्बीण मागाहून तपासा. आम्ही थांबू शकतो. आमचं वय होत नाही, फक्त ओरखडे पडतात.

राहता राहिलं माझ्या काचेचं. ती मऊ कापडानेच पुसावी, शर्टाच्या टोकाने पुसू नये. पण समजा एखादा बाप लेकीला घाईघाईने समोरचं काही दाखवायला शर्टाच्या टोकाने पुसून मोकळा झाला, तर त्या ओरखड्याबद्दल माझी काही तक्रार नाही.