हॉकीची एक ओळ

"शूटआउटमध्ये तीन–दोन. लिहून घेताय ना?"

थोरलीने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. एका हातात लेकीचं हेल्मेट, दुसऱ्यात पाण्याची बाटली. मैदानाच्या कडेला 'पत्रकार' अशी चिठ्ठी लावलेल्या दोन खुर्च्या होत्या, त्यांवर दुपारपासून कुणी बसलं नव्हतं. आता एकीवर कुणाचे तरी चिखलाचे मोजे वाळत होते.

"बाई, आज जागा फार कमी आहे," पलीकडचा उपसंपादक म्हणाला. पाच वर्षांत त्याचा आवाज ओळखीचा झाला होता, तोंड कधी दिसलं नव्हतं.

"अंतिम सामना होता, साहेब. गोलकीपरने एकटीने तीन अडवले. तिचं नाव तरी घाला."

"तुमचीच मुलगी ना ती?"

"माझी नसती तरी तीनच अडवले असते."

तो हसला. "बघतो."

या 'बघतो'चा अर्थ थोरलीला पुरेपूर ठाऊक होता. तरी तिने लेकीचं नाव दोनदा सांगितलं, अक्षर न् अक्षर फोडून.

थोरली, म्हणजे घरातली मोठी सून, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिने स्वतः कधी स्टिक हातात धरली नव्हती. पण तिचे वडील हॉकीच्या मैदानाची देखभाल करायचे. माहेरचं अंगण आणि मैदान यांच्यात नुसती तारेची जाळी. त्या जाळीला नाक लावूनच ती लहानाची मोठी झाली. तेव्हा वर्तमानपत्रात हॉकीला अर्धं पान असायचं. मग पाव झालं, मग चौकट, आणि आता तळाशी एक ओळ, तीही जाहिरात कमी पडली तर. थोरली पत्रं लिहायची, फोन करायची. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी यायचा, तो म्हणायचा, "अगं, त्यांच्या दगडावर डोकं आपटून तुझंच डोकं फुटेल."

पण खरं दुखणं वर्तमानपत्राचं नव्हतं. ते वरच्या मजल्यावर राहत होतं.

वर धाकटी जाऊ राहायची. तिची लेक चिमणी क्रिकेट खेळायची. दोघी चुलत बहिणी एकाच वयाच्या, एकाच बादलीत डुंबलेल्या. चिमणीने कुठे चाळीस धावा काढल्या की फोटो. अंगठ्याला पट्टी बांधली तरी फोटो. धाकटी ती कात्रणं कपाटाच्या दारावर आतून चिकटवायची आणि कुणी आलं की काहीतरी काढायच्या निमित्ताने कपाट उघडायची. थोरली "वा, वा" म्हणायची आणि खाली येऊन भांडी जरा जास्तच जोरात घासायची.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर वर्तमानपत्र पडलं ते तिनेच उचललं. दोन्ही घरांत मिळून एकच यायचं; आधी खाली, मग वर.

क्रीडा पानावर तीन स्तंभ रुंद चिमणी होती. बॅट खांद्यावर, दात दिसतील असं हसू. 'सराव शिबिरासाठी निवड.' खेळलीही नव्हती अजून, नुसती निवड! थोरलीची नजर घसरत घसरत तळाशी गेली. बुद्धिबळाच्या खाली, टायरच्या जाहिरातीच्या वर: 'हॉकी : यजमान मुली विजयी.' ना आकडा, ना नाव.

तिने ते पान ओढून काढलं, चार घड्या घातल्या आणि कामाच्या पिशवीत तळाशी खुपसलं.

वर जिन्यात धाकटी वाट बघत उभी होती. सकाळीच केस नीट बांधलेले.

"ताई, आलंय का हो आजचं? चिमणीचं येणार होतं म्हणे काहीतरी."

"आलंय. पण क्रीडा पानच नाहीये बघ आत. पोरासोरांचा कारभार सगळा."

"अगंबाई," धाकटी म्हणाली आणि उरलेलं वर्तमानपत्र हातात घेऊन तशीच उभी राहिली.

प्रयोगशाळेत थोरलीने एकच काच तीनदा मोजली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सरकत होत्या आणि आकडा दर वेळी वेगळा येत होता.

दुपारी लेक लंगडत आली. मांडीवर बशीएवढा काळानिळा डाग.

"आई, किल्ली विसरले. दे ना."

"पिशवीत आहे, घे."

लेकीने पिशवीत हात घातला. किल्लीबरोबर पान बाहेर आलं. तिने उलगडलं आणि वरपासून तळापर्यंत पाहिलं.

"काकू सकाळपासून तीन दुकानं फिरली," ती म्हणाली. "सगळीकडे अंक संपलेले. आणि हे तुझ्या पिशवीत?"

"तुझं नावसुद्धा घातलं नाही त्यांनी. साधं नाव!"

"मग ते चिमणीने खोडलं का?"

थोरलीने डोळा पुन्हा सूक्ष्मदर्शकाला लावला. दिसत काहीच नव्हतं.

"काल ती आली होती मॅचला. सराव बुडवून. माझ्या गोलमागे उभी होती, घसा बसेपर्यंत ओरडत होती. आज सरावाला तिला बोलणी बसणार आहेत त्यावरून."

"मला नाही दिसली ती."

"तू त्या दोन खुर्च्यांकडे बघत होतीस, आई."

लेकीने पान टेबलावर ठेवलं, किल्ली घेतली आणि गेली.

संध्याकाळी थोरली जिना चढून वर गेली. धाकटी इस्त्री करत होती. थोरलीने पान तिच्यापुढे धरलं.

"मी काढून ठेवलं होतं. सकाळी खोटं बोलले."

धाकटीने इस्त्री उभी केली. आधी फोटोकडे पाहिलं, मग घड्यांकडे. एक घडी नेमकी चिमणीच्या तोंडावरून गेली होती.

"का हो, ताई?"

"बघवलं नाही मला."

धाकटीचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही. "मला वाटायचं, तुम्हाला कौतुक आहे तिचं."

"आहे गं. तेही आहे."

धाकटीने पान इस्त्रीच्या टेबलावर पसरलं, वर एक पातळ फडकं घातलं आणि इस्त्री कमी करून हळूहळू फिरवायला लागली. कागद सरकत होता. थोरलीने पुढे होऊन त्याचं दुसरं टोक धरलं. गरम शाईचा वास सुटला. तळाच्या ओळीपाशी धाकटीने फडकं बाजूला केलं आणि वाकून वाचलं.

"ही आपल्या पोरीचीच मॅच का?"

"हो."

"किती अडवले तिने?"

"तीन."

"एकटीने?"

"एकटीने. समोरची चेंडू घेऊन धावत येते, आठ सेकंदं असतात, आणि मध्ये दुसरं कुणी नसतं."

"बाई गं," धाकटी म्हणाली. इस्त्री तिच्या हातात तशीच राहिली होती. "पहिला कसा अडवला?"

थोरलीने कागदाचं टोक न सोडता सांगायला सुरुवात केली.