जिंकल्यावर खाली कोण जाणार

"हरले तर काळजी नाही गं. जिंकले तर मात्र कुणीतरी खाली जाऊन ताइस्तोला सांगायला हवं. मी असेन नसेन. तेवढं लक्षात ठेव."

हेल्वी मला हे म्हणाली तेव्हा आम्ही दोघी इमारतीच्या धुलाईखोलीत चादरीची टोकं धरून उभ्या होतो. आवा अजून माझ्या पोटात होती. "हेल्वी, आपली पाणमांजरं जिंकणार कधी?" मी म्हणाले. "माझ्या बाळाला दात येतील तोवर तरी?" मी हसले. तीही हसली. पण घडी माझ्या हातात देताना पुन्हा म्हणाली, "मी थट्टा करत नाहीये, एन्नी."

मी तेव्हा विसरून गेले. शरद ऋतूत हेल्वी गेली. वसंतात आवाला खालचे दोन दात आले, आणि आमचा संघ अंतिम सामन्याला पोहोचला.

आमच्या गावच्या बर्फावरच्या हॉकीच्या संघाचं नाव साउकोत, म्हणजे पाणमांजरं. अंतिम फेरीपर्यंत जायचं आणि तिथे हरायचं, अशी त्यांची रीत. एकदाच जिंकले होते, माझ्या जन्माआधी, आणि त्या दिवशी हेल्वीचे यजमान ताइस्तो अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दवाखान्यात पडले होते. त्यानंतरचा प्रत्येक अंतिम सामना त्यांनी पाहिला आणि प्रत्येक वेळी संघ हरला. आधी कुणीतरी गमतीत म्हणालं, "ताइस्तो, आज पोटात दुखत नाही का हो?" मग त्यातली गंमत गेली. एका वर्षी ताइस्तोंनी आपणहून घडीची खुर्ची उचलली आणि सामना सुरू व्हायच्या आत तळघरातल्या निवाऱ्यात जाऊन बसले. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. थांबा असंही कुणी म्हटलं नाही.

तरीही संघ हरलाच. ताइस्तोंचं म्हणणं, "मी वर असतो तर याहून वाईट हरले असते."

निवारा म्हणजे युद्धाच्या भीतीने प्रत्येक इमारतीखाली बांधून ठेवलेली खोली. आता तिथे सायकली, स्की आणि मुरांब्याच्या बरण्या असतात. भिंती इतक्या जाड की फोन लागत नाही, वरचा आरडाओरडा पोहोचत नाही. ताइस्तोंना तेच हवं होतं. मला मात्र कधीपासून कुतूहल होतं. गावात हॉकीवर सगळ्यांत जास्त जीव असलेला माणूस, आणि हाच सामना बघत नाही! एकदा जिन्यात मी विचारलंच, "खाली बसून करता तरी काय तुम्ही?"

"शब्दकोडं. आणि ऐकत नाही."

"ऐकत नाही म्हणजे?"

"न ऐकणं हेपण कामच आहे, पोरी. जमावं लागतं."

हरल्यावर त्यांना सांगायची गरज नसायची. तिसऱ्या मजल्यावरचा युर्की ढोल घेऊन खाली यायचा, मागून कुणीतरी झेंडे गुंडाळून आणायचं, सगळं खुंट्यांना टांगायचे आणि तोंडातून शब्द न काढता वर जायचे. ताइस्तो थर्मासला झाकण लावून त्यांच्या मागे निघायचे. इतकी वर्षं हे बिनचूक चाललं होतं. जिंकल्यावर काय करायचं, ते कुणी ठरवलंच नव्हतं. मध्यंतरात हेल्वी खाली डबा न्यायची, कारण ताइस्तो साखरेसाठी इंजेक्शन घेतात आणि कोड्यात डोकं घातलं की खायचं विसरतात, आणि मग रक्तातली साखर एकदम खाली उतरते. हे मला ठाऊक होतं. पण हेल्वी नाही, म्हणजे डबाही नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आवाचा श्वास नीट चाललाय ना, हे मी झोपेतून उठून बघते. आणि हे मात्र आलं नाही.

सामना शनिवारी दुपारी होता. जिन्यात ताइस्तो भेटले. काखेत खुर्ची, हातात थर्मास, कागदात गुंडाळलेला वेलदोड्याचा पाव, पायात हेल्वीने विणलेले जाड मोजे.

"आज काय वाटतंय?" मी विचारलं.

"विचारू नकोस." मग दोन पायऱ्या उतरून म्हणाले, "युर्की येईलच ढोल घेऊन."

इमारतीच्या सामायिक बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोर सगळी इमारत जमली होती. माझा नवरा ओस्कारी पहिल्या रांगेत, युर्की ढोल मांडीवर घेऊन, आणि मी दाराजवळ, आवाच्या कानांवर आवाज अडवणारी टोपी घालून. कोंडलेल्या हवेत मुलांना त्रास होतो, म्हणून दाराजवळ. बरोबरी झाली. जादा वेळ सुरू झाला. हॉकीत असा सामना एक गोल होईपर्यंत संपत नाही. पुन्हा जादा वेळ. मग पुन्हा. सॉसेज संपले, कॉफी संपली, बायका नखं खाऊ लागल्या.

गोल मला दिसलाच नाही. त्या क्षणी मी आवाकडे बघत होते, कारण तिने अचानक डोळे मोठे केले होते. मग कळलं, तिच्या आधी खोलीने डोळे मोठे केले होते.

त्यानंतरचं मात्र मी डोळे भरून पाहिलं. युर्की मला इतक्या वर्षांत "शुभ सकाळ" यापुढे काही बोललेला नाही. जिन्यात कुणाची चाहूल लागली तर तो दार किलकिलं करून, तो माणूस जाईपर्यंत आत थांबतो. आम्ही सगळेच थांबतो. त्या युर्कीने मला बाळासकट मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर रडला. "एन्नी! एन्नी!" एवढंच म्हणत होता. माझं नाव त्याला माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं.

सगळे चौकाकडे धावले. जिंकल्यावर चौकात जायचं, एवढं तरी सगळ्यांना न ठरवता ठाऊक होतं. आमच्या चौकातल्या कारंज्यात मे महिन्यापर्यंत पाणी सोडत नाहीत, तरी माणसं त्या कोरड्या हौदात उड्या मारत होती. एकजण चक्क पोहण्याचे हात मारत होता. शाळेच्या मुख्याध्यापिका त्याच्यावर बाटलीतलं पाणी शिंपडत होत्या, "घे, बुड! बुड एकदाचा!" मी आवाच्या बाबागाडीचा दांडा धरून कडेला उभी राहिले. आनंद झाला की माणसांना नेमकं काय होतं, ते मला बघायचं होतं. इतरांच्या घराची बेल वाजवायला लाजणारी ही माणसं आज अनोळखी लोकांच्या गालांचे मुके घेत होती. हे सगळं इतके दिवस कुठे ठेवलं होतं यांनी?

तेवढ्यात युर्की आला. ढोलाचं कातडं मधोमध फाटलं होतं. "बघ काय केलं मी!" तो हसत होता. "आता हा तळघरात ठेवायची कटकट गेली!"

तळघर. मी त्याची बाही पकडली.

"युर्की, ताइस्तोंना कुणी सांगितलं?"

"आं? मला वाटलं तुम्ही सांगितलंत. तुमचं दार शेजारी."

मी ओस्कारीला गाठलं. त्याचा आवाज बसला होता. "ताइस्तो? असतील इथेच कुठेतरी. इतकी गर्दी आहे."

"आपणहून ते वर येणार नाहीत. त्यांना काय माहीत सामना संपला की नाही!"

"अगं, इतका वेळ झाला. आले असतील, झोपले असतील," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "दमलेल्या माणसाचं दार कशाला वाजवायचं?"

आम्ही असे आहोत. कुणी गप्प असलं की आम्हाला वाटतं, त्याला गप्पच राहायचं असेल.

मी गाडी वळवली आणि पळत सुटले. सगळं गाव चौकाकडे येत होतं आणि मी उलटी. प्रत्येकजण माझ्या हातावर टाळी द्यायला हात पुढे करत होता. एक पोरगेला बाप्या ओरडला, "बाई, चौक तिकडे आहे! घरी कुणी हरलंय का?" त्याचे मित्र खो खो हसले. आवाही हसली. मला मात्र मनात सारखा तो कागदात गुंडाळलेला पाव दिसत होता. एक पाव. दुपारपासून. आणि किती वेळा जादा वेळ!

निवाऱ्याचं जाड दार मी खांद्याने ढकललं. ताइस्तो स्कींच्या रांगेशेजारी खुर्चीवर बसले होते. समोर शब्दकोडं होतं, पण अक्षरं चौकटींच्या बाहेर गेली होती. मला बघताच त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

"सांगू नकोस! चालू आहे अजून. मी वर आलो की गोल खातील."

त्यांची जीभ जड पडली होती, पिऊन आल्यासारखी. खोली थंड होती आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. मी हात लावला. गार, ओला.

"ताइस्तो, सामना संपला."

"खोटं. हेल्वीपण असंच सांगायची. मला जेवायला वर न्यायला."

"बरं, संपला नाही. पण हे खा."

माझ्याकडे होतं काय? गाडीच्या पिशवीत आवाची नाशपातीची पेस्ट, पिळून खायची पिशवी. झाकण काढून मी ती त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी तोंड फिरवलं. मग मी जे आवाला करते तेच केलं, स्वतःचं तोंड "आऽ" करून उघडलं. ताइस्तोंनी माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे तोंड उघडलं. एक पिशवी संपली. दुसरी संपली. आवाने आपला खाऊ चालला म्हणून भोकाड पसरलं.

मी त्यांचे हात धरून बसले. हात थरथरत होते, मग कमी थरथरायला लागले. श्वास मोजायची मला सवयच आहे. हळूहळू नजर जागेवर आली. त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"ढोल कुठे आहे?"

"फुटला."

"झेंडे?"

"चौकात."

खुंट्या रिकाम्या होत्या. ताइस्तो एकेका खुंटीकडे बघत राहिले, जणू कोड्यातल्या चौकटी भरत होते. हे त्यांचं त्यांना सोडवू द्यावं असं वाटलं.

"झेंडे परत आले नाहीत," ते म्हणाले.

"नाही आले."

त्यांनी नाक पुसलं. मला वाटलं आता ओरडतील, रडतील. ते म्हणाले, "कुणी मारला?"

"खरं सांगू? मी बघितलाच नाही. मी आवाकडे बघत होते."

ताइस्तो हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "म्हणजे आपण दोघांनीपण नाही पाहिला! अगं, मग म्हणूनच जिंकले!"

ओस्कारी आणि युर्की धापा टाकत दारात आले तेव्हा आम्ही तिघंही एकेक वेगळा आवाज काढत होतो. ताइस्तो हसत होते, आवा रडत होती, आणि माझं काय चाललं होतं ते मलाच कळत नव्हतं. ओस्कारीने वर नेऊन त्यांची साखर तपासली, फोनवरच्या नर्सने विचारलं तसं सगळं सांगितलं, पोटभर पाव आणि दूध दिलं. नर्स म्हणाली, आता ठीक आहेत, पण रात्रभर एकटे ठेवू नका. युर्की कोपऱ्यात टोपी पिळत उभा होता.

"मी येतो दरवेळी खाली," तो शेवटी म्हणाला. "दरवेळी. आज तेवढा…"

"आज तू यायला नको होतास रे," ताइस्तो म्हणाले. "तू आला असतास तर हरलो असतो ना."

मग त्यांनी कोट मागितला. आम्ही नको नको म्हणत असताना त्यांना चौकात जायचंच होतं. उजेड अजून होता. युर्कीने त्यांना कोरड्या कारंज्याच्या कठड्यावर बसवलं आणि फाटका ढोल त्यांच्या मांडीवर ठेवला. ताइस्तोंनी फाटलेल्या कातड्याच्या कडेवर बोटाने दोनदा टकटक केलं. कुणीतरी त्यांना गोल कसा झाला ते सांगू लागलं, मग दुसऱ्याने वेगळाच सांगितला, मग तिसऱ्याने. ते प्रत्येकाचं मान डोलावून ऐकत होते. मीही ऐकत होते. मलाही माहीत नव्हताच.

"पुढच्या वर्षी वर बसणार ना आता?" मी विचारलं.

"वेड लागलंय का तुला?" ताइस्तो म्हणाले. "पुढच्या वर्षीही खालीच. जिंकणारा संघ कुणी बदलतं का?"

"मग मी येईन सांगायला. मध्यंतरात डबापण."

"तो नाशपातीचा आण."

हेल्वीचं म्हणणं मी आता ओस्कारीला सांगितलंय, युर्कीला सांगितलंय, आवालाही सांगितलंय, ती आपल्या टोपीचा बंद चघळत होती तेव्हा. आणि तुम्हाला सांगतेय. तुमच्याकडे हॉकी नसेल, दुसरं काही असेल, ज्याच्यासाठी सगळी इमारत एकदम रस्त्यावर उतरते. तुमच्याकडेही कुणीतरी असेल, जो त्याच वेळी नेहमी आपणहून बाजूला जाऊन बसतो, आणि तुम्हाला वाटतं त्याला तसंच हवं असेल. कदाचित हवंही असेल. तरी आज जाऊन बघा. झोपलेला असेल तर दार वाजल्याचं त्याला फार वाईट वाटणार नाही. आणि जाताना हातात काहीतरी गोड असू द्या.