मागच्या व्हरांड्यातली थाळी

जऊळका स्टेशनाजवळच्या सरकारी बंगल्यावर गुलाम नबी खानसामा होता, पण आपण नुसते खानसामा आहोत हे त्याला स्वतःला कधी पटलं नव्हतं. त्याच्या हिशेबी बंगला तोच चालवत होता. साहेब लोक काय, आज आहेत, उद्या नाहीत. रिसोडच्या बाजारात तो कांदे घ्यायला जायचा, पण कांद्यांना हात लावण्याआधी विलायतेच्या चार गोष्टी सांगितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. लोकही ऐकायचे. फुकट मिळणारं कोण सोडतो?

१९३० सालच्या फाल्गुनात मॉर्टन साहेबाचा मुक्काम बंगल्यावर होता आणि साहेबाला गोल्फचं वेड होतं. मागच्या गायरानावर त्याने सहा खड्डे खणून घेतले होते. तिथे हिरवळ कुठून जगणार, म्हणून प्रत्येक खड्ड्याभोवती तेल शिंपडलेली वाळू पसरली होती. गुराख्यांना या खेळाचं फार हसू यायचं. एवढा मोठा हाकीम, घोड्यावरून फिरणारा, आणि उन्हातान्हात गोटी बिळात घालण्यासाठी जीव काढतो!

गुलाम नबीला मात्र खेळापेक्षा खेळणाऱ्यांचं वेड लागलं. साहेब रंगात आला की मासिकातली चित्रं दाखवायचा. हा हॅरी वॉर्डन. विलायतेतली सगळ्यांत मोठी स्पर्धा याने सहा वेळा जिंकली, दुसऱ्या कोणालाही ते जमलं नाही. हा अमेरिकेचा वॉल्टर हेगन, याच्या बक्षिसांनी कपाटं भरली आहेत. गुलाम नबी तोंडाचा आ करून ऐकायचा. त्याने आयुष्यात चँपियन पाहिले होते ते कुस्तीच्या फडातले. आपल्याकडे पहिलवानाने एक दंगल मारली की त्याला फेटा बांधतात, हलगी लावून गावातून फिरवतात आणि पाटील त्याला आपल्या शेजारी जेवायला बसवतो. मग सहा वेळा जिंकणाऱ्याचा थाट काय असेल? वॉर्डन बादशहाच्या पंक्तीला जेवतो, असं त्याने रिसोडच्या बाजारात सांगून टाकलं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण दुसरं काही असू शकेल असं त्याला वाटलंच नाही.

अशात साहेबाने खबर दिली की डंकन नावाचा एक गोल्फवाला शनिवारी येतोय. खेळ हाच त्याचा पेशा. तरुणपणी तो वॉर्डनच्या बरोबरीने मैदानात उतरलेला. त्याची कलकत्त्यातली नोकरी सुटली होती. एका मोठ्या क्लबाला खेळ शिकवणारा माणूस हवा होता आणि निवड मॉर्टन साहेब आणि त्याचे दोन दोस्त करणार होते. रविवारी सकाळी गायरानावर त्याचा खेळ पाहायचा आणि ठरवायचं. माणूस पन्नाशीला आलेला, ही जागा हुकली तर पुन्हा त्याला कोणी विचारणार नाही, हेही साहेब बोलून गेला.

गुलाम नबीच्या अंगात वारं शिरलं. चँपियनांबरोबर खेळलेला माणूस त्याच्या हातचं जेवणार होता! त्याने दोन कोंबड्या आणल्या, चिनी मातीची उंची भांडी घासून घेतली, बंगल्याच्या चपराश्याला, जगदेवला, पागोटं धुवायला लावलं. बाजारात तर आधीच दवंडी झाली होती.

शनिवारी दुपारी डंकन आला तो स्टेशनावरून पायी. काठ्यांची जड पिशवी त्याने स्वतःच्याच खांद्यावर घेतली होती. कोटाच्या कोपरांवर ठिगळं. गुलाम नबीने लवून सलाम केला, तर तो बिचकलाच आणि त्याने उलट सलाम केला. साहेब लोक खानसाम्याला उलट सलाम करत नाहीत. गुलाम नबीच्या मनात पहिली पाल तिथे चुकचुकली.

संध्याकाळी मेज मांडताना त्याने साहेब, दुपारीच पोचलेले त्याचे दोन दोस्त आणि डंकन अशा चार जागा लावल्या. मॉर्टन साहेबाने पाहिलं आणि एक काढायला सांगितली. डंकनचं जेवण मागच्या व्हरांड्यात जाईल.

आता बावर्चीखान्याचा एक कायदा होता. मेजावर चिनी माती, मागच्या व्हरांड्यात एनॅमलची थाळी. मागे कोण जेवायचं? ठेकेदाराचा मुकादम, घोड्याला नाल मारायला आलेला, घड्याळ दुरुस्त करणारा. माणूस कुठे जेवतो त्यावरून तो कोण हे कळतं, हे गुलाम नबी बापाकडून शिकला होता आणि आजवर त्यात कधी फरक पडला नव्हता. म्हणजे हा चँपियनांच्या पंगतीतला नव्हेच. हा बहुरूपी. वॉर्डनचं नाव सांगत गावोगाव फिरणारा. आणि या भिकारड्यासाठी आपण अख्ख्या रिसोडला बोंब मारून ठेवली! उद्या बाजारात लोक तोंडात शेण घालतील. विचार करता करता त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चुलीमागे आदल्या दिवशीच्या मटणाचा रस्सा होता, साहेबाच्या कुत्र्यांसाठी काढून ठेवलेला. दिवसभराच्या उकाड्याने त्याला आंबूस वास सुटला होता. गुलाम नबीने तो हुंगला. मग तेल तापवलं, लसूण ठेचला, मिरची सढळ हाताने घातली आणि अशी झणझणीत फोडणी दिली की वास पार झाकला गेला. हात त्याचा होताच तसा.

त्याची बायको लतीफा कांदे चिरत होती. तिचा हात थांबला.

"हे त कुत्र्यायचं हाये," ती म्हणाली. "कोणाले देऊन राह्यले तुमी?"

"मांगच्या पाव्हण्याले."

"काहून? कोंबडी हाये ना इतकी."

"कोंबडी मेजावरच्यायले. जो मेजावर बसत नाई, तो कायचा चँपियन?"

लतीफा पुन्हा कांदे चिरू लागली. थाळी न्यायला ती उठली नाही. गुलाम नबी स्वतः घेऊन गेला. डंकनने थाळी दोन्ही हातांनी घेतली, शुक्रिया म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसला. थोड्या वेळाने जगदेव रिकामी थाळी घेऊन आला. पुसून खाल्ली होती. हावरा आहे लेकाचा, असं गुलाम नबी त्याला म्हणाला आणि दोघं हसले.

सकाळी जगदेव हसत नव्हता. डंकन पहाटेपासून विहिरीमागे ओकतोय, पोट धरून बसलाय, असं त्याने येऊन सांगितलं. गुलाम नबीने चहाची किटली खाली ठेवली. तरीही त्याने स्वतःला समजावलं की बहुरूप्याला खेळ टाळायचाय, सोंग करत असेल.

डंकनने खेळ टाळला नाही. साहेब लोक खुर्च्यांवर बसले आणि गुलाम नबी लिंबाचं सरबत घेऊन त्यांच्या मागे उभा राहिला. डंकनने काठी उचलली, खांद्यावरून फिरवली, आणि चेंडू गायरानावरून असा सरळ गेला की गुराख्यांच्या तोंडूनही आवाज निघाला. गुलाम नबीला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चाळीस वर्षं तवा धरलेला हात आणि काल धरलेला हात यांतला फरक कोणत्याही कारागिराला कळतो. हा बहुरूपी नव्हता.

दुसऱ्या खड्ड्यापाशी डंकनचे पाय लटपटू लागले. तो बाभळीमागे गेला, तोंड पुसत परत आला. लेकरानेही घातला असता असा वीतभर अंतरावरचा चेंडू खड्ड्याच्या कडेवरून निसटला. पुढचाही तसाच. चौथ्या खड्ड्यावर तो काठीला टेकून उभा राहिला आणि मग मातीत बसला.

मॉर्टन साहेब उठून जवळ गेला. रात्री काय खाल्लं होतंस, काही बाधलं का, असं त्याने विचारलं. गुलाम नबी चार हातांवर होता. तो उगाचच तबकातली ग्लासं सरळ करू लागला. डंकनने मान वर करून क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

जेवण उत्तम होतं, असं डंकन म्हणाला. ऊन बाधलं असेल. वय झालं.

तोंड उघडायची हीच वेळ होती. गुलाम नबीने उघडलं नाही.

न्याहारीला साहेबांनी निकाल लावून टाकला. हात चांगला आहे, पण अंगात जोर उरला नाही. क्लबाला असा माणूस काय कामाचा. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं की बिचारा न्याहारी कुठे करतोय, त्याला इथे बोलवायचं का. मॉर्टन साहेबाला ते चमत्कारिक वाटलं. पैशासाठी खेळणारे कधी सभ्य लोकांच्या मेजावर बसतात का? क्लबाच्या पुढच्या दारातून त्यांना आत घेत नाहीत, ही रीतच आहे.

गुलाम नबी अंडी वाढत होता. साहेबांच्या बोलण्यात खानसाम्याने पडू नये, हा बावर्चीखान्याचा सगळ्यांत मोठा कायदा त्याने त्या दिवशी मोडला.

"हुजूर, वॉर्डन साब भी?"

साहेब हसला. वॉर्डनसुद्धा, अर्थात. माळ्याचं पोर ते. सहा वेळा जिंकला म्हणून काय झालं, दार ते दार. एक हेगनच असा निघाला की त्याने भाड्याची झगझगीत मोटार आणून क्लबाच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. अमेरिकन माणूस, त्याला रीतभात काय कळणार?

गुलाम नबीने तबक कसंबसं मेजावर टेकवलं. जगातले सगळ्यांत मोठे चँपियन मागच्या व्हरांड्यात जेवत होते. आणि त्याने त्याच व्हरांड्यावरून एका माणसाची लायकी ठरवली होती, त्याच्या पानात कुत्र्याचं वाढलं होतं, वर फोडणी देऊन. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबाला सगळं सांगून टाकावं म्हणून तो दोनदा मेजाच्या खोलीपर्यंत गेला आणि दोनदा, काही हवंय का एवढंच विचारून परत आला. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरी भीती लतीफासमोर आणि रिसोडसमोर कुत्र्याचं वाढणारा म्हणून उभं राहण्याची होती.

दुपारी डंकन आला तसाच पिशवी खांद्यावर घेऊन निघाला. गुलाम नबीने घाईघाईने मऊ भात केला, त्यावर कोंबडीचं पातळ सार, मिरचीचं बोटसुद्धा न लावलेलं. ते डब्यात भरून तो स्टेशनाकडे पळत सुटला. डंकन अकोल्याच्या गाडीची वाट बघत बाकाच्या टोकाला बसला होता. चेहरा राखेसारखा झाला होता.

गुलाम नबीने डबा त्याच्या शेजारी ठेवला आणि हात जोडले. त्याने सगळं सांगितलं, रस्सा कोणासाठी होता तेही. आताच्या आता साहेबाला जाऊन सांगतो, म्हणाला. डंकनने नको म्हणून मान हलवली. साहेब काही पुन्हा खेळ बघायला बसणार नाही. एकाची नोकरी गेली तेवढी पुरे, दुसऱ्याची कशाला?

मग तो त्याच्या कलकत्त्याच्या हिंदुस्तानीत सावकाश म्हणाला, "हमको मालूम था. पहला निवाले में मालूम था."

मालूम होतं, तर मग खाल्लं कशाला? गुलाम नबीने विचारलं.

"प्लेट वापस करेगा, तो दूसरा टाइम प्लेट नहीं आता," डंकन म्हणाला. "हमारा काम में ऐसाच है."

हे तो रागाने म्हणाला असता तर गुलाम नबीला सोसलं असतं. त्याने पावसापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं होतं. गाडीची घंटा झाली. गुलाम नबी तिथेच उभा राहिलेला पाहून, त्याला बरं वाटावं म्हणूनच बहुधा, डंकनने डबा मांडीवर घेतला आणि झाकण काढलं. भाताची वाफ वर आली. त्याने घास उचलला, तोंडाकडे नेला, आणि तोंडात घालण्याआधी, स्वतःच्याही नकळत, नाकाशी धरून हुंगला.

आपण काय केलं हे त्याच्या लगेच लक्षात आलं. त्याने ओशाळून गुलाम नबीकडे पाहिलं, माफ करो म्हणाला, आणि घास खाल्ला.