नळाखाली धुतलेली मुळं

उत्तर न दिलेलं ते पत्र म्हाताऱ्याला एव्हाना पाठ झालं होतं. चौदा महिन्यांपूर्वी आलेलं, दीड पानाचं, कधीही न भेटलेल्या एका संशोधक मुलीचं. तिनं लिहिलं होतं, "मी तुमचाच प्रयोग पुन्हा करते आहे, पण माझी मोजणी तुमच्याशी जुळत नाही. माझे मार्गदर्शक म्हणतात, चूक माझीच. प्रबंध अडकून पडलाय. एकच विचारते, तुम्ही मुळं कशी धुतलीत? लेखात तेवढंच दिलेलं नाही."

प्रयोग होता लिग्निनचा. लिग्निन म्हणजे लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य. कागद करताना ते काढून टाकण्याचा खटाटोप फार, म्हणून तो नोकरीला होता त्या संस्थेनं ते कमी असलेली झाडं तयार केली होती. त्या झाडांचं मातीतल्या बुरशीशी जमतं का, हे पाहणं म्हाताऱ्याचं काम. ही बुरशी मुळांच्या टोकांवर मोजे चढवल्यासारखी बसते, झाडाला पाणी आणि क्षार पुरवते, बदल्यात साखर घेते. नऊ वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यानं टोकं मोजली आणि लिहिलं, की नव्या झाडांशी बुरशी फटकून वागते. त्याच्या नावानं छापून आलेला तेवढा एकच लेख.

मुळं कशी धुतली, हे त्याला पक्कं आठवत होतं. चाळणीत, नळाखाली. एका ओळीत सांगून मोकळं होता आलं असतं. पण कागद पुढे ओढला, की पेन अडायचं. लिग्निन कमी, म्हणजे मूळ मऊ. आणि मऊ मुळावर नळाची जोरदार धार... यापुढचा विचार तो करत नसे. पुस्तक उघडून बसे.

"अहो, त्या मुलीला कळवलंत का काही?" बायकोनं एका सकाळी पुन्हा विचारलं.

"बघतो."

"चौदा महिने बघताय. एव्हाना तुमची झाडंच बोलली असती."

"माझंच चुकलं असेल तर?"

"मग चुकलं म्हणून लिहा."

"आणि चुकलं नसताना उगाच कबूल केलं तर?"

"आमच्या घरी मला बघायला आलात तेव्हाही असेच बसला होतात. माझ्या भावानं आत येऊन विचारलं, मुलगा मुका आहे का?" तिनं त्याची छत्री आणून हातात दिली. "जाऊन बघून या. झाडं काही पळाली नाहीत. तिचं वर्ष मात्र पळतंय."

संस्थेच्या फाटकाशी जुना माळी भेटला. "सर! वाट चुकलात की काय?"

"चुकलोय की नाही, तेच बघायला आलोय," म्हातारा म्हणाला.

दोघांनी जुन्या, म्हणजे साध्या, आणि नव्या झाडांच्या रांगांतून मुळं उकरली. प्रत्येक झाडाची अर्धी मुळं नेहमीसारखी नळाखाली धरली. उरलेली बादलीत दुपारपर्यंत भिजत ठेवली आणि हातानं हलकेच हलवून माती सोडवली.

मोरीशी वाकून माळी सहज म्हणाला, "या नव्या झाडांच्या रांगेचा कचरा चाळणीखाली कायम जास्त पडायचा. झाडूनझाडून माझी कंबर गेली."

म्हाताऱ्याचे हात थांबले. "मला कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही कुठं विचारलंत? आणि तुमची मोजणी चालू असली, की शिंकायलासुद्धा आम्ही बाहेर जायचो."

म्हाताऱ्यानं तो कचरा बशीत घेतला आणि भिंगाखाली सरकवला. केसाएवढी तुटकी टोकं होती, आणि जवळपास प्रत्येकावर बुरशीचा मोजा शाबूत. मग त्यानं बाकीची मुळं मोजली. नळाखाली धुतलेल्या जुन्या झाडांच्या शंभरातल्या एकाहत्तर टोकांवर बुरशी होती, नव्यांच्या अडतीस. बादलीतल्या मुळांवर चौऱ्याहत्तर आणि बहात्तर. त्यानं तीनदा मोजलं. एरवी दोन मोजण्यांत फरक पडला की तो स्वतःवर शंका घ्यायचा. आज फरक पडत नव्हता, तरी घेत होता.

"काय निघालं, सर?"

"बुरशी कुठं गेलीच नव्हती. मीच धुऊन टाकत होतो. नऊ वर्षं."

माळ्यानं नळ घट्ट बंद केला.

घरी येऊन म्हाताऱ्यानं चार पानं लिहिली. बायकोनं चष्मा लावून वाचली. "पावणेचार पानं माफी, आणि तिनं विचारलंय ते शेवटच्या दोन ओळींत. ती पोर एवढं वाचून तुमचीच समजूत काढत बसेल."

"पण चारच झाडं पाहिली. त्यावरून एवढं ठामपणे कसं लिहू?"

"मग चारच पाहिली असंही लिहा."

त्यानं नवा कागद घेतला. 'मी मुळं नळाखाली धुतली. नव्या झाडांची टोकं त्यात तुटून जात होती. आज चार झाडांवर पडताळून पाहिलं, आकडे सोबत जोडले आहेत. तुमची मोजणी बरोबर असावी.' 'असावी'पाशी तो बराच वेळ घुटमळला. मग ते खोडून 'आहे' केलं. पुढे लिहिलं, 'हे पत्र तुमच्या मार्गदर्शकांना दाखवा. लेख मागे घ्यावा, असं संपादकांनाही कळवतो आहे. उशीर माझ्या भित्रेपणामुळे झाला.'

टपाल कचेरीत दोन पाकिटं त्यानं खिडकीतून आत सरकवली. मुलगी अजून त्याच पत्त्यावर असेल का, तिनं एव्हाना प्रबंधच सोडून दिला असेल का, हे त्याला माहीत नव्हतं.

"साधं की रजिस्टर, आजोबा?" कारकुनानं विचारलं.

"दोन्ही रजिस्टर," तो म्हणाला, आणि शिक्के पडेपर्यंत खिडकीशीच उभा राहिला.