डब्यातले दात

सुट्टी लागल्यापासून थोरलीने आईमागे भुणभुण लावली होती, की मला काहीतरी खरंखुरं काम दे. अशा मागण्या जपून कराव्यात, त्या कधीकधी मान्य होतात.

आई कवळ्या बनवायची. मागच्या खोलीत दिवसभर तिचं घासकाम चाले. एके दिवशी तिचा पाय मुरगळला आणि घड्याळवाल्या आजोबांची कवळी तर दुपारच्या आत पोचायलाच हवी होती. जुनी तुटल्यापासून आजोबांनी बोलणं सोडलं होतं, फोनही उचलत नव्हते. आज त्यांची बहीण कित्येक वर्षांनी यायची होती, आणि बोळकं तोंड घेऊन मी दार उघडणार नाही, असं त्यांनी आईला चिठ्ठी लिहून बजावलं होतं.

आईने कवळी पाण्याच्या डब्यात ठेवली, ती सुकू द्यायची नाही असं दहादा सांगितलं आणि थोरलीसोबत धाकटीला धाडलं. धाकटी म्हणजे पायाला भिंगरी आणि तोंडाला कुलूप नाही.

बसमध्ये तिने शेजारच्या बाईंना विचारलं, दात बघायचेत का? उत्तराची वाट कोण बघतो? तिने झाकण उघडलं, बसने करकचून ब्रेक मारला, पाणी बाईंच्या मांडीवर सांडलं आणि कवळी सीटखाली गेली. आता ओरडा बसणार, असं थोरलीला वाटलं. पण बाईंनी ओल्या कपड्यांनिशी वाकून कवळी शोधली, स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने धुतली आणि उरलेलं पाणी डब्यात ओतलं. या गडबडीत उतरायचा स्टॉप मागे राहिला. मग कंडक्टरने दोघींना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला आणि समोरच्या बसच्या ड्रायव्हरला, माझ्या पाहुण्या आहेत, असं सांगून बसवलं. थोरलीला बाईंचे आणि कंडक्टरचे आभार मानायचे होते, पण तेवढ्यात बस सुटली.

आजोबांच्या पायरीवर एक म्हातारी बॅग घेऊन बसली होती. बहीण आधीच पोचली होती, आणि दार बंद. दारावर चिठ्ठी होती, दात आले की उघडतो.

"अरे, माझेही दात खोटेच आहेत," ती दाराशी तोंड नेऊन सांगत होती. कडी काही निघाली नाही. लहानपणापासून असाच हट्टी, असं ती मुलींकडे वळून म्हणाली.

थोरलीने खिडकीच्या गजांतून डबा आत सरकवला. एक सुरकुतलेला हात आला आणि डबा घेऊन गेला. नळ वाहिल्याचा आवाज आला. कवळी बसली नाही तर? सीटखाली चीर गेली असेल तर? थोरलीने धाकटीचा हात घट्ट धरला.

दार उघडलं. आजोबा सगळे दात दाखवत उभे होते. बहिणीने हात पुढे केले, पण त्यांनी तिला जरा थांबायची खूण केली आणि फोन उचलला. महिन्याभरातले त्यांचे पहिले शब्द थोरलीच्या आईसाठी होते.

"पोरी सुखरूप पोचल्या, बाई. आता काळजी करू नकोस."

पलीकडे आई रडायलाच लागली. मग आजोबा बहिणीकडे वळले.