एप्रनच्या खिशात मावेल एवढं

दुकानात कुणी पिस्तूल घ्यायला आलं की मी आधी त्याचे हात बघते. तोंडाचं काय, तोंडाने माणूस काहीही सांगतं. आर्डिथचे हात मात्र मला नव्याने बघायची गरज नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म मोठाली पातेली उचलून बिचारीची बोटं आल्याच्या तुकड्यांसारखी वेडीवाकडी झाली होती. कॉफीचा पेला धरतानासुद्धा तिला दोन्ही हात लागायचे.

"झेल्मा, मला एक पिस्तूल दे," ती म्हणाली. "लहानसं. एप्रनच्या खिशात मावेल असं. आणि फार महाग नको."

"आज सूर्य कुठे उगवलाय म्हणायचा? जन्मात बंदुकीला शिवली नाहीस, आणि आता खिशात घेऊन फिरणार होय?"

"होबर्टनेच सांगितलं घे म्हणून. तो बघ, गाडीत बसलाय."

काचेतून दिसत होता तिचा नवरा. हरणांच्या शिकारीचा मोसम, त्यामुळे डोक्यावर ती भडक नारिंगी टोपी, दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून घालतात ती. त्याने हात केला, मीही केला. होबर्टला मी शेंबडा असल्यापासून ओळखते. एकाच खोऱ्यात वाढलो आम्ही.

आमच्या केंटकीच्या डोंगरात बायको घाबरली की नवरा तिला पिस्तूल घेऊन देतो. दुसरीकडे कुत्रा पाळत असतील, दाराला जादा कडी लावत असतील. इथे शेरीफची गाडी वर चढून येईपर्यंत चोर जेवूनखाऊन हात धुऊन जाईल. तेव्हा ज्याचं त्याने बघायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि खरं सांगते, मलाही वाटलं नाही.

आधी मी तिला एक चपटं ऑटोमॅटिक दिलं. त्याचा वरचा भाग मागे ओढावा लागतो, तरच गोळी आत चढते. आर्डिथने दात-ओठ खाल्ले, पिस्तूल पोटाशी धरलं, पण तो भाग तसूभर हलेना. मग लहान रिव्हॉल्वर दिलं. त्यात ओढाताण नसते, पण चाप इतका जड की तिने दोन बोटं घातली तरी दबेना.

"राहू दे गं," ती रडवेली झाली. "माझं नशीबच फुटकं."

"नशिबाला काय झालंय? थांब जरा."

खालच्या कपाटात एक वापरलेलं पिस्तूल होतं, बावीसचं, म्हणजे अगदी बारीक गोळीचं, तळहाताएवढं. याची खिट्टी दाबली की नळीचं मागचं तोंड टपकन वर येतं. काडतूस आत टाकायचं, नळी खाली दाबायची, झालं. काही ओढायला नको, चापही हलका. मी ते रिकामं आहे ना बघून तिच्या हातात दिलं. तिने खिट्टी दाबली, नळी उघडली, मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. पोरीला नवी डबी मिळावी तसा तिचा चेहरा फुलला.

"पण ऐक हं," मी म्हटलं, "उगाच तुला गंडवायची नाही मी. बावीसचं काडतूस म्हणजे लहरी प्रकरण. त्याच्या कडेवर ठोका बसतो, आणि एखादं उडतच नाही. नुसतं टिक् वाजतं. शिवाय जोर बेताचा. आडदांड माणूस एका गोळीत खाली पडेलच असं नाही."

"म्हणजे मरणार नाही?"

"मरेलही. पण लगेच मरेल असं नाही."

आर्डिथने जरा विचार केला. "लगेच मरायला नकोच आहे. होबर्टला कुठे ठेवलंय ते आधी सांगायला हवं ना त्याने."

मी हसणार होते. पण ती हसत नव्हती.

"कोण गं? कुणी सांगायला हवं?"

ती काउंटरवरून वाकली. तिच्या अंगाला साबणाचा आणि मक्याच्या पावाचा वास येत होता, नेहमीसारखाच. "घरात एक माणूस येतो. उजेड जायला लागला की येतो. होबर्टचा कोट घालतो, होबर्टच्या ताटात जेवतो. आमच्या जिन्याची कुठली पायरी वाजते ते त्याला ठाऊक आहे झेल्मा, ती बरोबर चुकवून वर येतो. आणि माझ्या शेजारी निजायला बघतो गं!"

"आणि होबर्ट तेव्हा कुठे असतो?"

"तेच तर! तो आला की होबर्ट नसतो."

"दिसतो कसा?"

"हुबेहूब. कान, नाक, सगळं. पण आतला माणूस दुसरा आहे. मला नाही कळणार? इतकी वर्षं झोपले मी होबर्टच्या कुशीत."

 मी हळूच ते पिस्तूल माझ्या बाजूला ओढून घेतलं. आमच्या खोऱ्यात सूर्य लवकर डोंगराआड जातो. बघता बघता रस्त्यावरचा उजेड विझला. आर्डिथने खिडकीकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली.

"बघ," ती पुटपुटली. "बदलला."

मी पाहिलं. काय सांगू! गाडीत ती नारिंगी टोपी होती, आणि टोपीखाली नुसता काळोख. तोंड आमच्याकडेच, पण हालचाल नाही. शेंबडा असल्यापासून ओळखते म्हणणारी मी, पण त्या घडीला हा होबर्टच आहे असं मला छातीठोक सांगता आलं नसतं. 

गाडीचं दार उघडलं. तो उतरला, सावकाश चालत आला. दुकानाचं दार ढकलून आत शिरला. आर्डिथ केव्हाच माझ्या पाठीमागे येऊन लपली होती, तिची नखं माझ्या दंडात रुतली.

"झालं का पसंत?" त्याने विचारलं. आवाज होबर्टचाच.

भीती गेली आणि मला असा संताप आला म्हणून सांगते! "अरे मूर्खा, काय पसंत? ती कुणासाठी पिस्तूल घेतेय ते कळतंय का तुला? ज्याला ती भ्यायलीय ना, तो तूच आहेस!"

मला वाटलं, तो मटकन खाली बसेल. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे?"

"संध्याकाळ झाली की मी कोठारात जाऊन बसतो. म्हटलं, तिला शांत वाटेल. तर ती बॅटरी घेऊन होबर्टला शोधायला येते. हाका मारत येते. आणि सापडलो की किंचाळते. मग रात्रभर खुर्चीत, दाराकडे तोंड करून. डॉक्टर म्हणतात, मेंदूचा आजार आहे, वाढतच जाणार. तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही गं झेल्मा. हातात काहीतरी असलं तर झोपेल, असं वाटलं."

"आणि झाडली गोळी तर?"

"म्हणून तर लहान घे म्हटलं तिला," होबर्ट म्हणाला. "सगळ्यात लहान."

मी पिस्तूल उचललं, तिजोरीत टाकलं, किल्ली फिरवली. "हे मिळायचं नाही. आणि घरातल्या तुझ्या शिकारीच्या दोन्ही रायफली आत्ताच्या आत्ता इथे आणून ठेव. लोकांच्या ठेवतेच मी, तुझ्याही ठेवीन. आर्डिथ आज माझ्या घरी झोपेल."

"माझ्यावाचून ती कधी कुठे राहिली नाही गं," तो म्हणाला. टोपीत तोंड खुपसून तो हुंदके देऊ लागला. पोटच्या पोराच्या थडग्यावर स्वतःच्या हाताने माती ओढली होती या माणसाने, तेव्हाही डोळ्यात टिपूस नव्हतं. आता मात्र त्याचे खांदे गदगदत होते, आणि मला कुठे बघावं कळेना.

माझ्या दंडावरची नखं सैल झाली. आर्डिथ पुढे झुकली. तिचा गरम श्वास माझ्या कानाला लागला, आणि तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

"चुकला! बघितलंस? सगळं शिकून आला, पण इथे चुकला. माझा होबर्ट कधी रडत नाही. आता तरी पटलं ना तुला? दे ते पिस्तूल."